बंदुकीच्या हिंसेविरुद्ध भिंत रंगवायचीय? मग ब्रश उचलायच्या आधीपासूनचं सगळं

भिंत रंगवली म्हणून गोळ्या चालायच्या थांबत नाहीत, हे आधीच बोलून टाकू म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. पण गोळीबाराची बातमी दोन-चार दिवसांत खाली जाते, फुलं सुकतात, पुढाऱ्यांची भाषणं संपतात, आणि मग ज्याचं माणूस गेलं ते घर आणि त्या कोपऱ्यावरून रोज जाणारी माणसं एवढेच उरतात. भिंतीवरचं चित्र नीट केलं तर दहा-पंधरा वर्षं तिथंच असतं, शाळेत जाणारी पोरं बघतात, बसमधला माणूस बघतो, ज्याला विषय टाळायचाय त्यालाही ते दिसतच राहतं. आणि मला तर वाटतं त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, चित्राच्या निमित्तानं जी माणसं एका जागी बसतात ती एरवी कधीच बसली नसती. म्हणून खाली रंगापेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलंय, रंगाचं पण आहे, पण ते नंतर.

भिंत कोणाशी बोलणार ते ठरवा

अशा भिंती साधारण तीन कामं करतात. गेलेल्या माणसाची आठवण ठेवतात, काहीतरी मागणी करतात (कायदा बदला, रस्त्यावर दिवे लावा, पोरांसाठी संध्याकाळी केंद्र उघडा), किंवा अडचणीतल्या माणसाला मदतीचा रस्ता दाखवतात. तिन्ही एकाच भिंतीवर कोंबलं की ती भिंत निवडणुकीच्या फ्लेक्ससारखी दिसायला लागते आणि कोणी काहीच वाचत नाही. एक निवडा. बाकीच्या दोन गोष्टी खाली छोट्या पाटीवर येऊ शकतात.

मग बघणारा कोण? ज्यांचं आधीच पटलेलं आहे त्यांच्यासाठी चित्र काढणं सगळ्यात सोपं, आणि बहुतेक जण तेच करतात. जेआर नावाचा फ्रेंच कलाकार आहे, फोटो प्रचंड मोठे करून भिंतींवर चिकटवतो, त्यानं २०१८ मध्ये टाइम मासिकासोबत अमेरिकेतल्या बंदुकांवर एक म्युरल (भिंतीवरचं मोठं चित्र) केलं, त्यात २४५ माणसं एकाच चौकटीत घेतली, शिकारी, डॉक्टर, मुलं गमावलेले आईबाप, बंदूक बाळगणारे आणि बंदुकीला विरोध करणारे, सगळे एकाच टेबलाभोवती. तुमचा रस्ता असा असेल जिथं दर दुसऱ्या घरात बंदूक आहे, तर तिथं 'बंदूकवाले खुनी' असं लिहून काय मिळणार, तीच माणसं रात्री काळा रंग घेऊन येतील. त्यांच्याशी बोलायचं तर 'कपाटाला कुलूप आहे ना?' एवढा प्रश्न पुष्कळ काम करतो.

अजून एक बाजू आहे जिच्याकडे भिंती जवळपास बघतच नाहीत. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. म्युरल्स मात्र बहुतेक खुनांवर. आत्महत्येवर भिंत करायची असेल तर नियम वेगळे लागतात: पद्धत दाखवायची नाही, बंदूक तर नाहीच नाही, 'आता तो सुटला, शांत झाला' असलं काही लिहायचं नाही, एकाच कारणाला सगळा दोष द्यायचा नाही. काय दाखवायचं तर त्या रात्री फोन उचललेला मित्र, दुसऱ्याच्या घरी ठेवायला दिलेली किल्ली, त्यातून बाहेर आलेली माणसं. ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडीच असते, तेवढ्या वेळात माणूस आणि बंदूक यांच्यात अंतर पडलं तर जीव वाचतो, आणि ही गोष्ट चित्रात छान सांगता येते.

कुटुंबाकडे आधी जा, स्केच घेऊन जाऊ नका

कोणाची आठवण म्हणून भिंत करणार असाल तर घरच्यांचं हो आल्याशिवाय एक रेघ पण ओढायची नाही. आणि जाताना तयार स्केच नेऊ नका, कारण तयार स्केच समोर ठेवलं की दुःखातली माणसं 'चांगलं आहे' म्हणतात आणि विषय संपतो. रिकाम्या हातानं जा, ओळखीच्या माणसाला मध्ये घेऊन जा, आणि ऐका.

टेक्सासमधल्या उवाल्डेत २४ मे २०२२ ला रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर गावातले कलाकार आणि कला शिकवणारे एबल ऑर्टिझ यांनी पुढाकार घेतला आणि गावात २१ म्युरल्स उभी राहिली, प्रत्येकासाठी एक, कलाकार आणि कुटुंब जोडून दिलेले. घरच्यांनी सांगायचं पोरगं कसं होतं, काय आवडायचं, आणि चित्र त्यातून. म्हणून त्या भिंतींवर आवडते खेळ, प्राणी, रंग असं सगळं दिसतं, तो दिवस दिसत नाही. तुम्हीही हेच विचारा: कशावर हसायचा, घरात त्याची जागा कुठली, कुठला फोटो अजिबात नको. शेवटचा प्रश्न विसरू नका. बातम्यांमध्ये फिरलेला फोटो घरच्यांना बरेचदा बघवत नाही आणि आपण नेमका तोच इंटरनेटवरून उचललेला असतो.

घरात दोन मतं असू शकतात, आईला हवं आणि बायकोला नको असं होतं, तर थांबा. महिना लागो नाहीतर सहा महिने. आणि नकाराचा हक्क शेवटपर्यंत त्यांचा हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, म्हणजे रंग लागल्यावर सुद्धा 'हे काढा' म्हणाले तर काढायचं.

ज्यांचं गेलंय त्यांना चित्रातलं काय टोचतं हे आपल्याला बाहेरून कळत नाही, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अर्जेंटिनातल्या बुएनोस आयरेसचं आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये तिथं लष्करी राजवटीत गायब केलेल्या माणसांसाठी हजारो पूर्णाकृती छायाकृती कागदावर काढून शहरभर चिकटवल्या. तेव्हा प्लाझा दे मायो चौकात जमून आपल्या गायब मुलांचा जाब विचारणाऱ्या आयांचं म्हणणं होतं की आकृत्या जमिनीवर नकोत, उभ्या हव्यात, कारण जमिनीवरची आकृती म्हणजे मेलेला माणूस आणि त्यांची मागणी तर मुलं जिवंत परत द्या अशी होती. आता विचार करा, खडूनं रस्त्यावर मुडद्याची बाह्यरेषा काढणं ही गोळीबाराच्या निषेधात कलाकारांना सगळ्यात पहिली सुचणारी कल्पना, आणि ज्या आईनं पोलिसांची तशीच रेषा खरोखर बघितलीय ती त्याच फुटपाथवरून बाजारात जाणार. तिला विचारल्याशिवाय नको.

बंदूक काढू नका

हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. बंदूक चित्रात आली की ती हिरो होते. तिचा आकार इतका ओळखीचा आणि डौलदार आहे की तिच्याभोवती तुम्ही कितीही रक्त, कवट्या, अश्रू काढा, १४ वर्षांच्या पोराला ते सिनेमाचं पोस्टर दिसतं आणि तो त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी काढतो. शिवाय ज्यानं गोळी बघितलीय त्याला रोज तीच गोष्ट दाखवायचं कारण काय.

अपवाद आहे, बंदूक निकामी झालेली दिसत असेल तर. स्वीडिश शिल्पकार कार्ल फ्रेडरिक रॉयटर्सवार्ड यांनी १९८० मध्ये गायक जॉन लेननच्या खुनानंतर नळीला गाठ मारलेलं रिव्हॉल्व्हर केलं, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आहे ते, लक्झेंबर्गनं १९८८ मध्ये भेट दिलेलं. जबरदस्त कल्पना, पण तिच्या नकला आता इतक्या झाल्यात की गाठवाली बंदूक आणि नळीतून उगवलेलं फूल या दोन गोष्टींना माझ्याकडून सुट्टी. मेक्सिकोतल्या पेद्रो रेयेसनं पुढची पायरी गाठली, कुलियाकान शहरात लोकांकडून १,५२७ बंदुका गोळा केल्या, बदल्यात घरगुती उपकरणांची कूपन्स दिली, बंदुका वितळवून तितकीच फावडी केली आणि त्या फावड्यांनी झाडं लावायची योजना आखली. मोझांबिकमध्ये १९९५ पासून चर्चच्या पुढाकारानं शस्त्रांच्या बदल्यात शिलाई मशीन, सायकल, अवजारं दिली गेली आणि त्या मोडक्या शस्त्रांमधून कलाकारांनी खुर्च्या, झाडं, शिल्पं केली. तुमच्या भागात शस्त्र जमा करायची काही अधिकृत मोहीम असेल तर भिंत तिच्याशी जोडा. स्वतःहून बंदुका गोळा करायला जाऊ नका, ते बेकायदा पण होईल आणि जिवावर पण बेतेल.

मग काढायचं काय? न राहिलेल्या माणसाची जागा. रिकामी खुर्ची चालते पण ती पण आता घासून गुळगुळीत झालीय, त्यापेक्षा खास त्याच माणसाची वस्तू शोधा. उवाल्डेतल्या एका मुलीच्या हिरव्या बुटांची गोष्ट जगभर गेली, पुढच्या टोकावर तिनं स्वतः पेननं हृदय काढलेलं. कोणाला गणवेश आठवला असता का? बूट आठवतात. अशी एक गोष्ट कुटुंबाशी बोलताना सापडतेच, ती भिंतीएवढी मोठी करा.

कोणी म्हणेल मॅन्युएल ऑलिव्हर तर चित्रावर हातोडीनं घाव घालून गोळ्यांची भोकं पाडतो. हो, पाडतो. त्याचा मुलगा होआकिन १४ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारात मारला गेला, आणि स्वतःच्या मुलाच्या चित्रावर घाव घालायचा हक्क त्या बापाचा आहे. तुमचा माझा नाही.

परवानगी, आणि कोणाच्या अंगावर काय येईल

भिंतीच्या मालकाकडून लेखी घ्या. तोंडी हो म्हणणारा मालक भाडेकरूनं कुरकुर केली की फिरतो. कागदावर एवढं असू द्या: चित्र किमान किती वर्षं ठेवणार, खराब झालं तर दुरुस्ती कोण करणार, पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवणार, फोटो कोण वापरू शकतं, जागा विकली तर काय. त्याशिवाय स्थानिक पालिकेचा नियम बघा, ऐतिहासिक इमारत असेल तर वेगळी परवानगी लागते, आणि परांची फुटपाथवर येणार असेल तर त्याची अजून वेगळी.

कागद किती महत्त्वाचा ते न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीनं दाखवलं. मालकानं २०१३ मध्ये एका रात्रीत सगळी चित्रं पांढरी करून टाकली, कलाकार कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये २१ कलाकारांना मिळून ६७ लाख डॉलर भरपाई देण्याचा निकाल लागला, पुढे अपिलातही तो टिकला. अमेरिकेच्या १९९० च्या एका कायद्यामुळे ते शक्य झालं, सगळीकडे तसा कायदा नसतो, म्हणून करारच आपला कायदा समजा. विनापरवानगी रात्री जाऊन रंगवण्याबद्दल: या विषयात मी नाही म्हणेन. पकडले जाण्याचा भाग सोडा, ज्या वस्तीत आधीच पोलीस आणि बंदुका आहेत तिथं अंधारात हातात काहीतरी चकचकीत घेऊन पळणारा माणूस व्हायचं कशाला.

वस्तीतलं भांडण अजून चालू असेल तर ती जागा सध्या नको. एका बाजूच्या पोराचं चित्र दुसऱ्या बाजूच्या तोंडावर काढलं की भिंत स्वतःच चिथावणी होते. रंग ठरवायच्या आधी तिथल्या पोरांना विचारा, काही शहरांत ठरावीक रंग ठरावीक टोळ्यांचे असतात, हाताच्या खुणा, आकडे, टोप्यांचं पण तसंच, आणि बाहेरून आलेल्या कलाकाराला हे माहीतच नसतं. संशयिताचं नाव, चेहरा, 'याला सगळे ओळखतात' असला टोमणा भिंतीवर नको, केस चालू असेल तर ती बिघडू शकते आणि तुमच्यावर उलटू शकते. काम चालू असताना लोकेशन लाइव्ह टाकत बसू नका. अंधार पडायच्या आत गुंडाळा, एकटं कोणी मागे राहायचं नाही.

कुठला प्रकार घ्यायचा

खडू: सगळ्यात स्वस्त, लहान मुलांना घेता येतं, पावसानं जातं. एका दिवसाच्या कार्यक्रमाला उत्तम. मुलांना नावं लिहायला द्या, बाकी काही ठरवून देऊ नका.

कागद आणि खळ: रातोरात मोठं काहीतरी उभं करायचं तर हेच. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवून घ्या, मग तीन-चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा, दाट झालं की चमचाभर साखर, गार करून वापरा, दोन-तीन दिवसांत आंबते म्हणून लागेल तेवढीच करा. कागद पातळ घ्या, जाड कागद सुकताना कडा सोडतो. मोठे फोटो प्लॉटरवर काळ्या-पांढऱ्यात तुकड्यांत छापून घेता येतात, फक्त शाई पाण्यानं पसरणारी नको, आधी एका कोपऱ्यावर खळ लावून बघा. भिंतीला खळ, वर कागद, मधून कडेकडे ब्रश फिरवून हवा बाहेर काढा, मग कागदावरून परत खळीचा हात. उतरवायचं झालं की गरम पाणी आणि खरवडणी.

स्टेन्सिल (आकार कापून काढलेला साचा): तेच चित्र वीस ठिकाणी हवं असेल तेव्हा. जाड कागद किंवा प्लास्टिकचा शीट, धारदार कटर, स्प्रे १५-२० सेंमी लांबून, आणि एकदम ओलं करण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात, नाहीतर रंग शीटखाली शिरतो. देवनागरीत कापणार असाल तर दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ब, व, क, ष यांची पोटं आतून गळून पडतात, त्यांना बारीक पट्टीनं धरून ठेवावं लागतं. आणि शिरोरेषा सलग कापली की अख्खा शीट मधून लोंबायला लागतो, म्हणून दर अक्षरापाशी ती थोडी तोडा, लांबून वाचताना डोळा ती आपोआप जोडतो.

म्युरल: पुढे सविस्तर.

आणि कापडावरचं म्युरल, जे मला या विषयासाठी सगळ्यात आवडतं. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांना चित्रकलेकडे वळवायला जेन गोल्डन यांच्या हाताखाली जो कार्यक्रम सुरू झाला त्यातून पुढे तिथली मोठी म्युरल संस्था उभी राहिली, आणि त्यांनी ही पद्धत भरपूर वापरली. न विणलेल्या पातळ सिंथेटिक कापडाचे साधारण दीड मीटरचे चौकोन, त्याला पॅराशूट क्लॉथ म्हणतात, त्यावर बाह्यरेषा आणि आकडे, प्रत्येक आकड्याला एक रंग. म्हणजे ज्यानं आयुष्यात ब्रश धरला नाही तोही टेबलावर बसून भरू शकतो, आजी भरू शकते, व्हीलचेअरवरचा पोरगा भरू शकतो, परांचीवर चढायची गरज नाही. मग चौकोन अॅक्रिलिक जेलनं भिंतीला चिकटवतात, कापड भिंतीशी असं एकजीव होतं की हात लावूनच कळतं. या पद्धतीमुळेच तिथं ग्रेटरफर्ड तुरुंगातले कैदी आणि गुन्ह्यांत माणसं गमावलेली कुटुंबं एकाच म्युरल प्रकल्पावर काम करू शकली, कैदी बाहेर येऊ शकत नव्हते पण कापड आत जाऊ शकत होतं. ज्याच्या हातून कोणीतरी गेलं तो आणि ज्याचं गेलं तो, दोघांचा रंग एकाच भिंतीवर. सगळीकडे हे जमेलच असं नाही, आणि पीडितांवर कधी लादायचं तर अजिबात नाही.

डिझाइन

अक्षरांचा साधा हिशोब: दर ३ मीटर अंतराला साधारण अडीच सेंमी उंची. रस्त्यापलीकडून ३० मीटरवरून वाचायचं तर अक्षर २५ सेंमी पाहिजे, आणि चालत्या गाडीतून वाचायचं तर सहा-सात शब्दांच्या वर जाऊ नका. आकडे लिहायचे तर वर्ष आणि कुठला आकडा ते खाली बारीक अक्षरात टाका, खोटा किंवा फुगवलेला आकडा सापडला की विरोधकांना अख्खी भिंत उडवून लावायला तेवढं पुरतं.

नावांची यादी करायची की नाही यावर खूप विचार करा. यादी केली की एक नाव राहतं आणि त्या घरचे आयुष्यभर विसरत नाहीत. ती वाढत गेली तर? पुढच्या नावांसाठी जागा सोडायची म्हणजे अजून मरणार हे आपण मान्य केल्यासारखं, आणि नाही सोडली तर पुढच्या वर्षी कोणीतरी दारात उभं राहणार. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही, पण हे रंगवायच्या आधी ठरावं, बैठकीत, कुटुंबांसमोर.

केशरी रंगाची एक गोष्ट उपयोगी पडेल. शिकागोत जानेवारी २०१३ मध्ये हदिया पेंडलटन नावाची १५ वर्षांची मुलगी गोळीबारात गेली, तिच्या मैत्रिणींनी तिच्यासाठी केशरी रंग घ्यायचं ठरवलं, कारण जंगलात शिकारी एकमेकांची गोळी लागू नये म्हणून केशरी घालतात. आता तिकडं जूनच्या पहिल्या शुक्रवारी लोक केशरी घालतात आणि तो रंग या विषयाची खूण झालाय. मात्र उन्हात काही भडक लाल-पिवळे-केशरी लवकर उडतात, म्हणून डब्यावर प्रकाशात टिकण्याचा दर्जा बघून घ्या. गेरू, आयर्न ऑक्साइडचे तपकिरी, थॅलो निळे-हिरवे जास्त टिकतात.

मदतीचा फोन नंबर टाकणार असाल तर आधी त्या संस्थेला विचारा, स्वतः फोन लावून बघा, आणि नंबर भिंतीवर थेट रंगवू नका, वेगळ्या पत्र्याच्या पाटीवर टाका. अमेरिकेत जुलै २०२२ पासून आत्महत्येच्या विचारांत असलेल्यांच्या मदतीसाठी ९८८ हा छोटा नंबर आला आणि जुना दहा आकडी नंबर रंगवलेल्या भिंती शिळ्या दिसायला लागल्या. पाटी असली की दोन स्क्रू काढून बदलता येते.

भिंतीची तयारी आणि रंगकाम

बहुतेक म्युरल्स रंगामुळे मरत नाहीत, ओलीमुळे मरतात. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले तर आधी गळती शोधा. पांढरा खार फुटला असेल तर कोरड्या ब्रशनं काढा, पाण्यानं धुतलं तर तो परत आत जातो. जुन्या रंगावर ब्लेडनं फुली मारून चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, रंग सोबत आला तर तो सगळा खरवडायला लागेल. नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा. मग धुणं, भेगा भरणं, पॉलिश पेपर, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, वर शंभर टक्के अॅक्रिलिक बाहेरचा रंग. साधारण १० ते ३२ अंश तापमानात काम करा, तापलेल्या भिंतीवर रंग लावता लावताच सुकतो आणि ब्रशचे फटके दिसतात.

चित्र भिंतीवर न्यायला प्रोजेक्टर (अंधारात, भिंतीच्या अगदी समोर ठेवून, तिरका ठेवला की चेहरा ताणला जातो) किंवा सूत मारून चौकटी. तिसरी युक्ती: भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा, अक्षरं, गोल काहीही गिरगटा, त्याचा फोटो काढा, फोनमध्ये त्यावर डिझाइन अर्धपारदर्शक करून ठेवा, आणि मग 'कान या त्रिकोणाच्या वर येतो' असं बघत बघत काढा. मोजमाप करावं लागत नाही आणि उंच भिंतीवर फार वेळ वाचतो. चेहरा असेल तर डोळे शेवटी, कुटुंबातल्या कोणाला तरी समोर बोलावून. फोटोत बरोबर असलेला डोळा दहापट मोठा झाल्यावर भलताच दिसू शकतो आणि ते आईला सेकंदात कळतं.

स्प्रे वापरणार असाल तर कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क काहीच कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (रंगाची वाफ अडवणारी डबी) आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो, नायट्राइल हातमोजे, चष्मा. लहान मुलं असतील त्या दिवशी स्प्रे बंद, फक्त पाण्यात मिसळणारा रंग.

शेवटी सगळं पूर्ण सुकल्यावर पारदर्शक अॅक्रिलिकचा एक हात, त्यावर अँटी-ग्राफिटी कोटिंग, म्हणजे वर कोणी काही फासलं तर ते काढता येतं. त्यात दोन प्रकार, एक त्याच्यावरच्या घाणीसकट धुऊन निघून जातो आणि परत लावायला लागतो, दुसरा कायम राहतो आणि वरचा स्प्रे सॉल्व्हंटनं पुसता येतो. खाली कापड असेल तर छोट्या तुकड्यावर आधी करून बघाच.

उद्घाटन आणि त्याच्या नंतरचं

कार्यक्रमाला कुटुंबाला आधी एकटं येऊन भिंत बघू द्या, कॅमेरे नंतर. पुढाऱ्याला बोलवायचं का? मागणीची भिंत असेल तर बोलवा, पण माइक आधी घरच्यांकडे, आणि पुढाऱ्याला तारखेसकट उत्तर द्यायला लावणारा एक प्रश्न तयार ठेवा. आठवणीची भिंत असेल तर माझा सल्ला, नकोच. फटाके तर चुकूनही नको, हे सांगायला लागू नये पण लागतं. मोठा फुगा फुटला तरी काही माणसं खाली वाकतात.

वर्षश्राद्धाच्या आधी एकदा भिंत बघून यायची, ठरवून, कॅलेंडरवर टाकून. त्या दिवशी घरचे तिथं येणार आणि चेहऱ्यावर कोणीतरी काहीतरी फासलेलं असेल तर ते त्यांना आपल्या आधी दिसायला नको. त्यासाठी प्रत्येक रंगाचा अर्धा-एक लिटर घट्ट झाकून ठेवा, डब्यावर कंपनी, शेडचा नंबर आणि चित्रात कुठं वापरला ते मार्करनं लिहून, आणि या माहितीची एक प्रत तिथंच राहणाऱ्या कोणाकडे तरी द्या, कारण तुम्ही दोन वर्षांनी कुठं असाल काय सांगता येतंय.

काम संपल्याबरोबर ढगाळ दिवशी, भिंतीच्या बरोबर समोरून, सावली नसताना फोटो काढून ठेवा, जितका मोठा निघेल तितका, आणि मूळ फाइल कुटुंबाला द्या. इमारत पाडायची ठरली, भिंत विकली गेली, ओल आली, काहीही होऊ शकतं. तसं कळलं की पहिला फोन घरच्यांना जायला हवा, पेपरवाल्यांना नाही, आणि त्यांना विचारायचं की दुसरीकडे परत काढायचं का, की आता नको. काही जण नको म्हणतात.